आडोशाला चाकं लागली

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी आईचं किंवा बाबांचं ऑफिस पाहिलं असेल, तर तिथे मलाही पाहिलं असेल. फक्त माझ्याकडे लक्ष गेलं नसेल. दोन टेबलांच्या मध्ये, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतका उंच, निळसर कापडाचा, अंगभर टाचण्या टोचून घेणारा जो उभा असतो, तो मी. ऑफिसातले लोक मला पार्टिशन म्हणतात. मला स्वतःला आडोसा हा शब्द आवडतो, कारण तो मला एका माणसाने दिला. ही गोष्ट खरं तर त्याची आहे. माझी त्यात येईल तेवढी येईल.

माझं अंग कर्नाटकातल्या मंड्याकडच्या उसाचं. रस निघून गेल्यावर उरलेली चिपाडं कुटून, दाबून, वाळवून त्यांचा एक मऊ फळा झाला. मग बंगळूरच्या पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका शेडमध्ये त्याला ॲल्युमिनियमची चौकट बसली आणि वरून कापड ताणलं गेलं. कापड ताणणाऱ्या बाईंचा हात इतका नेटका होता, की आजही माझ्या कोपऱ्यांत एक चुणी दिसणार नाही. माझ्यासारखे पुष्कळ होते. आम्हांला एकावर एक रचून टेम्पोत घातलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीच्या पुढे, एका काचेच्या इमारतीत आणून उभं केलं. तिथे इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर तयार व्हायचं. रुग्णाचं नाव नोंदवायचं, कुणाला कुठलं औषध कधी द्यायचं ते पडद्यावर दाखवायचं, असं ते काम.

कोण कुठे बसणार ते ठरत होतं, तेव्हा एक गृहस्थ पुढे आले. त्यांचं नाव गिरीराज. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांमागे बंगळूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत कन्नड, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दोन्ही भाषा शेजारणींसारख्या नांदायच्या. त्यांनी खिडकीची जागा मागितली नाही, मोठं टेबल मागितलं नाही. माझ्यावर हात ठेवून ते एवढंच म्हणाले, “हा आडोसा स्वल्प माझ्या डावीकडे राहू दे. सरी?” कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे जरासं आणि सरी म्हणजे ठीक, हे मला पुढे कळलं.

तेव्हापासून मी त्यांच्या डावीकडे उभा राहिलो. माझ्या पलीकडे रम्या बसायची. गिरीराजांनी माझ्या अंगावर मुलीने काढलेलं हत्तीचं चित्र टोचलं, रम्याने तिच्या बाजूने मांजराचा फोटो लावला. गिरीराज रोज राजाजीनगरहून मेट्रोने यायचे, डबा खणात ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि कामाला लागायचे. नवं सॉफ्टवेअर इस्पितळात जाण्याआधी ते तपासून पाठवण्याचं काम त्यांचं. त्या कामात त्यांचं नाव चांगलं होतं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या काही दिवसांतच कळली. रम्या माझ्यामागून काही बोलली, तर गिरीराज ओ देत नसत. ती पुन्हा बोलायची. मग उठून माझ्या डोक्यावर टकटक करायची आणि वरून डोकवायची. तिचा चेहरा दिसला की गिरीराज हसायचे आणि छान गप्पा मारायचे. रम्याला वाटायचं, हे कामात फार बुडालेले असतात. मला ठाऊक होतं की तसं नाही. त्यांच्या डाव्या बाजूने शिंक आली, फोन वाजला, पेला पडून फुटला, तरी त्यांची मान वळत नसे. त्यांच्या डाव्या कानाला काहीच पोचत नव्हतं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मी तिथे उभा होतो म्हणून डावीकडून कुणी येऊच शकत नसे. जो यायचा तो उजवीकडून किंवा समोरून. असं त्यांचं गुपित वर्षानुवर्षं माझ्या आडोशाला सुखाने राहिलं.

मग ती मोठी साथ आली. सगळे घरी गेले. ऑफिसात धूळ आणि आम्ही, दोघंच उरलो. लोक परत आले ते तुरळक, कुणी सोमवारी, कुणी गुरुवारी. इतकी टेबलं कशाला, असा प्रश्न वरच्या लोकांना पडला. आणि एके दिवशी पेचकस घेऊन माणसं आली.

आमच्या जागी मोठाली लांब टेबलं आली. आता कुणाची जागा ठरलेली नाही, असं जाहीर झालं. सकाळी फोनवर जागा घ्यायची, संध्याकाळी सोडायची, सामान कपाटात ठेवायचं. लागोपाठच्या दिवशी त्याच जागी बसायचं नाही, म्हणजे ओळखी वाढतील. लोकांना या नव्या रीतीची सवय व्हावी, म्हणून कंपनीने खास एक मुलगी नेमली. तिचं नाव मुग्धा. ती नुकतीच पुण्याहून आली होती आणि जयनगरला एका खोलीत भाड्याने राहत होती. कामाची तिला मनापासून आवड होती. लोकांनी एकमेकांशी बोलावं, खोपटात बसल्यासारखं बसू नये, हे ती इतकं मनापासून सांगायची की ऐकणाऱ्याला पटावं.

माझे सगळे भाऊ टेम्पोतून गेले. मलाही उचललं होतं, पण मुग्धा म्हणाली, हा एक राहू दे, सूचना लावायला उपयोगी पडेल. हत्ती आणि मांजर काढले गेले आणि मला खालून चाकं लागली.

मित्रांनो, चाकं लागणं म्हणजे काय, ते उभ्या राहणाऱ्यालाच विचारा. सकाळी मी दाराशी असायचो, दुपारी चहाच्या यंत्रापाशी, संध्याकाळी जिन्याजवळ. जरा टेकावं तर कुणीतरी ढकलायचं. माझं एक चाक कुरकुरायचं आणि लोक त्रासून बघायचे. पण माझ्याभोवती तरी कोण स्वस्थ होतं? सकाळी खांद्यावर पिशव्या घेऊन माणसं टेबलांमधून फिरायची. कुणाचं चार्जर हरवायचं, कुणाची खुर्ची दुसऱ्याने बसकी करून ठेवलेली असायची. सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू यायचं, म्हणून सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले.

आणि दबका आवाज हाच तर गिरीराजांचा शत्रू होता.

त्यांनी आपल्या परीने वाट काढली. ते फार लवकर यायला लागले आणि रोज भिंतीकडची कोपऱ्यातली खुर्ची धरायला लागले. तिथे भिंत डावीकडे येत होती. थोड्या दिवसांनी मुग्धाच्या ते लक्षात आलं. तिने त्यांना बाजूला घेऊन अतिशय नम्रपणे सांगितलं की सर, नियम सगळ्यांना सारखा हवा, तुमच्यासारख्या सीनियर लोकांनी तो पाळला तर नवे पाळतील. गिरीराज सरी म्हणाले आणि सामान उचलून मधल्या टेबलावर गेले. त्या दिवशी दुपारी ते पेन घेऊन माझ्यासमोर उभे राहिले होते. माझ्यावर लोकांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या, काय आवडलं, काय खटकलं. ते बराच वेळ त्या वाचत राहिले. मग पेनाला टोपण लावलं आणि निघून गेले.

मधल्या टेबलावर त्यांच्या डावीकडे रोज नवा माणूस असायचा. तो काही विचारायचा, गिरीराज समोर बघत राहायचे. काही दिवसांत कुजबुज सुरू झाली की हे फार शिष्ट आहेत. ती कुजबुज त्यांच्या मागेच चालायची, पण त्यांना ती ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना फक्त चेहरे बदललेले दिसायचे. ते दिवसभर मान इकडून तिकडे वळवत राहायचे, कोण बोललं, कोण हसलं, आपल्याला कुणी हाक तर मारली नाही. डावीकडे कुणी हललेलं जाणवलं, की खबरदारी म्हणून ते हसून मान डोलवायचे. संध्याकाळी त्यांचा चेहरा उन्हातून चालून आल्यासारखा व्हायचा.

अशातच ते घडलं. यशोवर्धन नावाचा नागपूरचा एक गृहस्थ त्या गटाचा प्रमुख होता. माणूस वाईट नव्हता, पण चालता चालता बोलायची त्याला सवय होती. एका दुपारी गिरीराजांच्या डावीकडून जाताना तो म्हणाला की म्हैसूरच्या इस्पितळाचं काम आज पाठवू नका, त्यात एक दोष सापडलाय. चहाचं यंत्र घरघरत होतं. गिरीराजांना कुणीतरी गेल्याचं जाणवलं. त्यांनी मान डोलवली. आणि संध्याकाळी, तपासून झालं होतं म्हणून, काम पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैसूरच्या त्या इस्पितळात नावनोंदणी ठप्प झाली. काठी टेकत आलेली म्हातारी माणसं, कडेवर तापलेली पोरं घेतलेल्या आया, सगळे रांगेत ताटकळले. औषधांच्या वेळा परिचारिकांनी हाताने लिहून ठेवलेल्या होत्या म्हणून मोठा अनर्थ टळला. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. पण यशोवर्धन गिरीराजांसमोर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की मी तुम्हांला सांगितलं होतं आणि तुम्ही मान हलवली होती. गिरीराज पांढरे पडले. काल डावीकडून कोण गेलं होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. ते फक्त इतकंच म्हणाले, की हो, चुकलं.

चौकशीची बैठक ठरली. दरम्यान गिरीराजांनी राजीनामा कसा द्यायचा, किती दिवस आधी कळवावं लागतं, याची विचारपूस केल्याचं मुग्धाच्या कानावर आलं. ती अस्वस्थ झाली. कोपऱ्यातून आपण यांना उठवलं, त्याचा राग यांनी धरला असेल का, असं तिच्या मनात घोळू लागलं. ती उगाच मला इकडून तिकडे ढकलत राहिली. शेवटी मला खिडकीजवळच्या बाकापाशी आणून सोडलं, कारण बाकावर गिरीराज एकटेच चहा पीत बसले होते. ती त्यांच्याशेजारी बसली, डावीकडे. आजूबाजूला माणसं होती, म्हणून तिने आवाज अगदी खाली आणला.

“सर, एक विचारू? माझ्यामुळे जॉब सोडताय का तुम्ही?”

शेजारी कुणीतरी बसल्याचं गिरीराजांना जाणवलं. त्यांनी समोर बघतच हसून मान डोलवली. “हो हो. सरी,” ते म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

मुग्धाचे डोळे भरून आले. ती तशीच बसून राहिली. कप ठेवायला गिरीराज वळले, तेव्हा त्यांना तिचा चेहरा दिसला.

“काय झालं अक्का?” त्यांनी घाबरून विचारलं. वयाने लहान असलेल्या बाईलाही ते कन्नड रीतीने अक्काच म्हणायचे.

“तुम्ही हो म्हणालात,” ती म्हणाली. “मी विचारलं, माझ्यामुळे सोडताय का, तर तुम्ही हो म्हणालात.”

“असं विचारलंत तुम्ही?”

“आत्ताच विचारलं सर. इथेच बसून.”

गिरीराजांनी आजूबाजूला पाहिलं. मी मधे उभा होतो म्हणून पलीकडच्या टेबलावरून त्यांना कुणी बघत नव्हतं. त्यांनी एक बोट उचलून डाव्या कानाला लावलं.

“इकडनं काही येत नाही,” ते म्हणाले. “शाळेत होतो, गालगुंड झालं, तेव्हापासनं.”

मुग्धा उठून त्यांच्या उजवीकडे येऊन बसली आणि म्हणाली, “कधीच कुणाला सांगितलं नाहीत?”

“आमच्या वडिलांना, आप्पांना, म्हातारपणी ऐकू येईना झालं,” गिरीराज म्हणाले. “पहिलं सगळे मोठ्याने बोलले. मग थोडंथोडं बोलले. मग आप्पा काय झालं म्हणून विचारायचे, तर सगळे म्हणायचे, असू दे, काही विशेष नाही. शेवटी भरल्या घरात आप्पा एकटेच. ते मी बघितलंय अक्का. माझ्याशी कुणी ‘असू दे’ म्हणायला नको, एवढंच होतं.”

मुग्धा म्हणाली की मी बैठकीत सांगते, तुमची चूक नाही. गिरीराजांनी हात जोडले. सांगायचं नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिने कबूल केलं, पण त्यानंतर तिचं कशातच लक्ष लागेना. जे सांगितलं तर एक माणूस वाचेल, तेच सांगायचं नाही, असं ओझं घेऊन ती फिरत होती.

बैठक मोकळ्या जागेतच झाली, कारण आता सगळंच मोकळ्या जागेत व्हायचं. मला लिहिण्याचे कागद लावायला तिथे आणलं होतं. यशोवर्धनने काय घडलं ते सांगितलं आणि ते सगळं खरं होतं. मोठ्या मॅडम भाग्यलक्ष्मी यांनी गिरीराजांना विचारलं की तुम्हांला काही सांगायचंय का. त्यांनी नाही म्हटलं. तेव्हा मुग्धा उभी राहिली.

ती म्हणाली की या चुकीत गिरीराज सरांच्या नावापुढे माझंही नाव घाला. मी लोकांच्या जागा काढून घेतल्या आणि एकालाही विचारलं नाही, की ती जागा तुला का हवी होती. यशोवर्धनने वैतागून विचारलं, जागेचा आणि चुकीचा काय संबंध. मुग्धाचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. तिने वचन दिलं होतं. भाग्यलक्ष्मी मॅडम वाट बघत होत्या. मुग्धा तशीच उभी राहिली, मान खाली घालून, लाल होऊन, सगळ्यांच्या नजरा झेलत.

गिरीराजांना ते बघवलं नाही. ते उठले.

“ही मुलगी काही चुकली नाही,” ते म्हणाले. “मला डाव्या कानाने ऐकायला येत नाही. यशोवर्धनांनी सांगितलेलं मला कळलंच नव्हतं. मान हलवली ती सवयीने. लहानपणापासनं मी अशीच मान हलवत आलोय.”

यशोवर्धनचा आवाज चढला. तो म्हणाला की हे आधी सांगायला हवं होतं, पलीकडे इस्पितळ होतं, आजारी माणसं होती. मित्रांनो, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि गिरीराजांनी ते मान्य केलं. पण बोलता बोलता यशोवर्धन स्वतःच थांबला. मीही वळून बघितलं नाही तुमच्याकडे, असं तो हळूच म्हणाला, आणि मग तेच वाक्य, गिरीराजांच्या समोर येऊन, मोठ्याने पुन्हा म्हणाला.

रम्या मागे बसली होती. ती नंतर गिरीराजांपाशी आली. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हांला माझी बडबड नकोशी होते म्हणून ऐकलं न ऐकलं करता, असं तिने सांगितलं. त्यावर दोघंही थोडे हसले, आणि हसून झाल्यावर दोघांनाही वाईट वाटलं.

पुढे सगळंच गोड झालं, असं मी सांगणार नाही. चूक गिरीराजांच्याच नावावर राहिली आणि त्या वर्षीची त्यांची बढती गेली. थांबवण्यासारखं काही असेल तर ते लिहूनच कळवायचं, तोंडी नाही, असा नियम झाला. राजीनामा मात्र त्यांनी दिला नाही. मुग्धाने मोठ्या मॅडमशी बरेच दिवस वाद घातला आणि एक गोष्ट मिळवली. ज्याला ठरलेली जागा हवी असेल त्याने ती मागावी, आणि देणाऱ्याने कारण विचारू नये. सगळ्यांना वाटलं, गिरीराजांखेरीज कोण मागणार?

पहिली आली ती रम्या. नवी मोकळी बैठक सगळ्यांत जास्त आवडल्याचं तिनेच माझ्यावर चिठ्ठी लावून सांगितलं होतं. तिने भिंतीला पाठ लागेल अशी जागा मागितली. का, ते ती बोलली नाही आणि मुग्धाने विचारलं नाही. मग एकाला दाराजवळची हवी होती, एकाला दिव्याच्या उजेडापासून लांबची. रोज नव्या जागी आनंदाने बसणारेही होतेच, ते तसेच बसत राहिले. पण नुसता आडोसा हवा असणारेही निघाले, दिवसभर नको, तासाभरापुरता. आणि आडोसा म्हणून तर मी एकटाच शिल्लक होतो. मग माझी जी पळापळ सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही.

आता माझं कापड विटलंय. टाचण्यांच्या भोकांतून उसाचा भुसा गळतो. सफाई करणारी कावेरी अक्का तो झाडताना माझ्यावर चिडते. मला बदलून काचेचा नवा आणायचा, असं अधूनमधून बोललं जातं. काचेच्या आडोशाचा उपयोग काय, ते मला कळत नाही, पण मला विचारतंय कोण.

तरी परवाचं सांगतो. भर दुपारची वेळ होती. मुग्धाला फोन आला. तिने पडद्यावर नाव बघितलं आणि ती उभ्याउभ्या इकडेतिकडे पाहायला लागली. जिकडे बघावं तिकडे माणसं, सगळं लख्ख उघडं, तिनेच मांडलेलं. मग ती माझ्याकडे आली आणि मला ढकलत खिडकीच्या कोपऱ्यात घेऊन गेली. माझ्यामागे बसून ती पुण्याला कुणाशी तरी बोलली, आणि मग नुसतीच बसून राहिली. तिचे खांदे हलत होते. काय झालं होतं ते मी ऐकलं, पण ते मी सांगणार नाही. माझं कामच ते आहे.

थोड्या वेळाने दोघंतिघं मुग्धाला शोधत त्या बाजूला आले. गिरीराज मधल्या वाटेवर चहाचा कप घेऊन उभे होते. काय झालंय ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मागे वळून बघितलंही नाही. एवढंच म्हणाले, “स्वल्प थांबा. ती येईल.” आणि चहा गार होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणाला कधी एखादा कोपरा हवासा वाटला, कुणी एकाच बाजूला बसायचा हट्ट धरला, तर त्याला हसू नका आणि कारण सांग म्हणून त्याच्या मागे लागू नका. जरा सरकून जागा करून द्या. सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

थांबा, कुणीतरी माझ्या चौकटीला हात घातलाय. चाक कुरकुरायला लागलं. कुणाला हवा आहे मी, अजून कळलेलं नाही. निघतो.